व्हर्डेलने न उचललेली ओळ

व्हर्डेल पेटिग्रूला लाज फार. आमच्या गावात एरवी लाजेचा दुष्काळ, त्यामुळे तिची लगेच नजरेत भरायची. उभा जन्म तिने शाळेच्या स्वयंपाकघरात काढला. गावातली निम्मी माणसं तिच्या हातचं खाऊन वाढली. पण रस्त्यात कोणी थांबवून म्हणालं, "मिस व्हर्डेल, तुमच्या हातची चव अजून जिभेवर आहे बघा," की या बाईचा हात आधी डोक्याकडे जायचा. केसांवरची ती स्वयंपाकघरातली जाळी चुकून राहिली की काय, अशी तिला धास्ती. नोकरी सुटून वर्षं झाली होती तरी.

मी तिची शेजारीण, ओसी ली. लोक मला भोचक म्हणतात. म्हणोत बापडे. भोचक माणसं नसती तर गावातलं खरं काय आणि खोटं काय, हे कळलं असतं कोणाला? आता जे सांगणार आहे ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. काही व्हर्डेलने सांगितलं, तेही माझ्या पोर्चवर चवळीच्या शेंगा सोलताना, मान वर न करता. काही तिच्या बहिणीने, क्लॉडिनने, फोनवर सांगितलं. दोघींचं जुळतं, म्हणून मी ते खरं धरते.

तिची लाज लहानपणापासूनची. आम्हा कापूस वेचणाऱ्यांच्या पोरांच्या डब्यात घरी भाजलेले जाड पाव असायचे, आत काकवी. गावातल्या पोरांकडे दुकानातला पांढराशुभ्र, कापलेला पाव. व्हर्डेल शाळेच्या भिंतीमागे जाऊन खायची. तिची धाकटी बहीण क्लॉडिन मात्र सगळ्यांच्या मधोमध फतकल मारून बसायची, आणि काकवीचा पाव देऊन दुसऱ्याचा मांसाचा पाव पटकवायची. ज्याला लाज नाही त्याचं पोट भरतं, हे मी तेव्हाच शिकले. पुढे क्लॉडिन नदीपलीकडे मेम्फिसला गेली आणि मयतांची व्यवस्था करणाऱ्या एका माणसाशी तिने लग्न केलं. त्या धंद्यात मंदी नसते. नवरा गेला, पण मोठं घर, मोठी गाडी आणि मोठं चर्च मागे राहिलं.

व्हर्डेलने लग्न केलं ते ओथाशी. ओथाला देवाने लाज नावाचा अवयव दिलाच नव्हता. कापसाच्या गिरणीत होता तोवर तो यंत्रांना "गुड मॉर्निंग" म्हणायचा, आणि पुढे दफनभूमीतलं गवत कापायला लागला तेव्हा थडग्यांना. असा माणूस दुसऱ्या कोणाच्या नशिबी आला असता तर बरं झालं असतं, असं व्हर्डेल म्हणायची, पण रविवार सोडून. रविवारी त्या दोघांची गोष्टच वेगळी असायची.

आमच्याकडे रविवार सुरू होतो जुन्या गीताने. पियानो बंद, पुस्तक बंद. डीकन, म्हणजे चर्चची कामं सांभाळणारा आमच्यातलाच एक वडीलधारा, उभा राहतो आणि एक ओळ भराभर म्हणतो. त्याला आम्ही ओळ टाकणं म्हणतो. मग बाकावरून कोणीतरी ती उचलायची, लांबवत, हेलकावे देत, आणि बाकीच्यांनी मागून तिच्यात शिरायचं. सगळी मदार या उचलणाऱ्यावर. त्याने तोंड उघडलं नाही, तर सूर कुठे धरायचा हे इतरांना कळत नाही, आणि सगळे आवाज घशात धरून बसतात. टाकलेली ओळ जमिनीला लागू देऊ नये, असं आमची म्हातारी माणसं सांगायची. आमच्या चर्चमध्ये टाकणारा ओथा आणि उचलणारी व्हर्डेल. हे लग्नाच्याही आधीपासूनचं. ओथाने तिला मागणी अशी घातलीच नाही. एका रविवारी त्याने ओळ टाकली, बायकांच्या बाजूने एका पोरसवद्या मुलीने ती अशी काही उचलली, की दोघांच्या आयांनी तिथल्या तिथे एकमेकींकडे पाहिलं. एरवी सावलीलाही लाजणारी ही बाई त्या वेळी कोणाच्या बापाला लाजायची नाही.

आणखी एक रिवाज सांगायला हवा. दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये पाहुण्या डीकनला उभं केलं, की त्याने तिथे एक ओळ टाकायची. यजमानांनी पाहुण्याला जेवायला वाढायचं आणि पाहुण्याने ओळ द्यायची. न देता बसला, तर तो रुसला तरी आहे किंवा आजारी तरी आहे, असं समजून लोक त्याच्या बायकोकडे चौकशी करतात.

तर ही दोघं या उन्हाळ्यात मेम्फिसला गेली, क्लॉडिनकडे, आठवडाभर. आयुष्यातली पहिली सुट्टी. नदीच्या अलीकडून आम्ही मेम्फिसला जातो ते डॉक्टरकडे किंवा मयताला. नुसतं मजा करायला जायचं, म्हणून व्हर्डेलने नवी बॅग घेतली आणि ती मला दाखवायला आणली.

पहिल्याच दिवशी क्लॉडिनने डुकराच्या भाजलेल्या बरगड्या खायला नेलं, तिथे ओथाने खिशातून आपली बाटली काढली, व्हिनेगरात मुरवलेल्या मिरच्यांची, आणि शेजारच्या टेबलवाल्यांनाही आग्रह करकरून वाढली. बील स्ट्रीटवर तो प्रत्येक दारातल्या गाणाऱ्याचं गाणं संपेपर्यंत टोपी काढून उभा राहायचा, त्यामुळे तो रस्ता काही केल्या संपेना. तिथल्या मोठ्या हॉटेलात पाळलेली बदकं रोज रांगेने कारंज्याकडे चालत जातात, ती बघायला नेलं, तर त्याने बदकांनाही टोपी काढली.

"ओथा," क्लॉडिन हसत म्हणाली, "अजून कोणाला नमस्कार राहिला असेल तर उरकून घे, जेवायची वेळ झाली."

"तो दरवान राहिलाय," ओथा म्हणाला आणि गेला.

क्लॉडिन मजेत हसत होती. पण व्हर्डेलला ते हसणं थेट त्या शाळेच्या भिंतीमागे घेऊन गेलं. त्यानंतर ती रस्त्याने थोडी पुढे चालू लागली. एका टोप्यांच्या दुकानात बाईने विचारलं, "ते बाहेर कुत्र्याशी बोलतायत, ते तुमच्यासोबत आहेत का?" तर ही म्हणाली, "माझ्या बहिणीकडे उतरलेत."

हे सांगताना तिने शेंग सोलायची सोडून नुसतीच हातात धरली होती. मी पुढची शेंग उचलली. बोलायची वेळ यायची होती.

शेवटचा दिवस रविवार. सकाळी चर्च, मग जेवण, मग घरी. व्हर्डेलने पहाटे उठून ओथाचा तपकिरी सूट पाहिला आणि तो बॅगेतच ठेवला. क्लॉडिनच्या नवऱ्याचा राखाडी कोट कपाटात होता. जन्मभर लोकांना शेवटचे कपडे चढवणाऱ्या माणसाचा कोट, कापड उत्तमच. पण तो होता धिप्पाड. ओथाचे हात बाह्यांत बोटांपर्यंत बुडाले. व्हर्डेल गुडघ्यांवर बसून बाह्यांना टाके घालू लागली.

"ऐक," ती म्हणाली. "तिथे मोठमोठी माणसं येतात. कोणाला हाका मारायच्या नाहीत. पास्टर बोलत असताना मध्येच 'बरोबर आहे' म्हणायचं नाही."

"आणि बरोबर असलं तर?"

"तरी नाही. पाहुण्यांना उभं करतील. उभं राहायचं, हसायचं, बसायचं."

"आणि मला डीकन म्हणून उभं केलं तर?"

"तरी हसायचं आणि बसायचं."

ओथाने टाके घातलेली बाही पुढे धरून पाहिली. मग म्हणाला, "रिकाम्या हाताने कसं बसायचं, व्हर्डेल? आठवडाभर जेवू घातलंय त्यांनी आपल्याला."

तिने ऐकलं, पण सुईत लक्ष असल्यासारखं केलं. त्याला वाटलं, तिची ना नाही. एवढीशी गोष्ट, पण पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

क्लॉडिनचं चर्च म्हणजे आमच्यासारखी आठ चर्चेस पोटात मावतील एवढं. बाहेर कॉफी मिळते. आत ढोल, गिटारी, आणि भिंतीवर मोठा पडदा, त्यावर गाण्याचे शब्द उमटतात, म्हणजे कोणाला काही पाठ असायची गरज नाही. क्लॉडिनने तिसऱ्या रांगेत बसवलं. व्हर्डेलने नवी टोपी घातली होती आणि गुडघे जुळवून बसली होती. ओथाने डावीकडच्या, उजवीकडच्या आणि मागच्या माणसाशी हात मिळवून घेतला होता, तेवढं तिने सोडून दिलं.

मग माईक हातात घेतलेली एक हसतमुख मुलगी पुढे आली आणि म्हणाली, "आज पहिल्यांदा आलेल्यांनी उभं राहा बघू!" बरेच जण उभे राहिले. लोकांनी हात हलवले. आता बसायचं, तेवढ्यात तिची नजर ओथाच्या छातीवर गेली. कोट दुसऱ्याचा असला तरी डीकनचा बिल्ला त्याने आपला लावला होता.

"अरे वा, आमच्याकडे पाहुणे डीकन आलेत! कुठून आलात, साहेब?" आणि तिने माईक त्याच्यापुढे धरला.

त्या बिचारीला गावाचं नाव हवं होतं. ओथाने नाव सांगितलं, चर्चचं सांगितलं, पास्टरचा नमस्कार सांगितला. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग त्याने पुढच्या बाकाच्या पाठीवर हात ठेवला, मान किंचित खाली घातली, आणि ओळ टाकली.

क्लॉडिन सांगते, आवाज असा आला की ढोलवाला दचकला. ओळ त्या मोठ्या खोलीत गेली आणि तिला कोणी उचललं नाही. बहुतेकांना ती उचलायची असते हेच माहीत नव्हतं. तरुण मंडळी माना वळवून पाहत होती. पडद्यावर शब्द शोधणारा कोणीतरी घाईघाईने एकामागून एक गाणी उघडत होता, एक वाढदिवसाचंही येऊन गेलं. मागे कोणीतरी फुस्सकन हसलं.

व्हर्डेलच्या घशात सूर तयार होता. हे तिने मला शपथेवर सांगितलं. "ओसी, तो आपोआप येतो गं. शिंक यावी तसा. मी तो गिळला."

ओथा थांबला. त्याला वाटलं, खोली मोठी आहे, ऐकू गेलं नसेल. त्याने तीच ओळ पुन्हा टाकली. आमच्याकडे ओळ पुन्हा टाकायची वेळ येते ती फक्त मयताच्या दिवशी, माणसं रडत असतात म्हणून. दुसऱ्यांदा टाकताना त्याचा आवाज थोडा हलला. तेव्हा क्लॉडिन व्हर्डेलच्या कानाशी लागली, "अगं, त्याला बसव."

आणि व्हर्डेलने हात लांब करून त्याच्या कोटाची कड ओढली. द्वाड पोराला मागून ओढावं तशी.

ओथाने खाली पाहिलं. मग तो म्हणाला, "आभारी आहे," आणि बसला.

इथे लोकांनी टाळ्या वाजवल्या. चांगल्या मनाने वाजवल्या, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून. पण जुन्या गीताला आमच्याकडे टाळी वाजवत नाहीत. त्या टाळ्या वाजत होत्या तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं व्हर्डेलला झालं. मी विचारलं, "त्याची लाज वाटली की स्वतःची?" ती म्हणाली, "तेव्हा त्याचीच. स्वतःची दारात वाटली."

दारात असं झालं. प्रार्थना संपल्यावर बाहेर पडताना एक अतिशय म्हातारी बाई आडवी आली. नाकात नळी, मागे चाकांवर प्राणवायूची टाकी. तिने ओथाचा हात धरला.

"डीकन, ते गीत मला येतं रे. माझ्या बापाने टाकलेलं ऐकलंय. पण माझ्यात उचलायला वारा नाही उरला. मी वाट पाहत होते, कोणीतरी सुरुवात करेल आणि मी मागून शिरेन." मग ती व्हर्डेलकडे वळली. "तू बायको ना याची? अगं बाळा, तू का नाही उचललंस? तिकडच्या बायका तर उचलतात."

क्लॉडिन उभी होती, क्लॉडिनच्या दोन मैत्रिणी उभ्या होत्या, झुळझुळीत कपड्यांतल्या. आणि व्हर्डेल म्हणाली, "नाही मॅम, मला गाता येत नाही."

ओथा अगदी शेजारी उभा होता.

मी हातातली शेंगांची परडी खाली ठेवली. आता बोलायची वेळ होती. म्हटलं, "व्हर्डेल, पेत्राने येशूला नाकारलं तेव्हा अंगणात तलवारी घेतलेले शिपाई तरी होते. तुझ्याभोवती काय होतं? कॉफी?" ती म्हणाली, "हो ओसी, बोल. कोणीतरी बोलायलाच हवं. तो तर काही बोलला नाही."

म्हातारीने मान डोलावली. "असू दे," ती म्हणाली. तिने ओथाचा हात थोपटला आणि आपली टाकी ओढत ती निघून गेली.

जेवायला क्लॉडिनने बरंच काही केलं होतं. ओथा नेहमीसारखा जेवला, पीचचा गोड पदार्थ दोनदा घेतला, क्लॉडिनचे आभार मानले, राखाडी कोट हँगरला लावून कपाटात परत ठेवला. बाह्यांचे टाके त्याने स्वतः उसवले होते. मिरचीची बाटली तो टेबलवर तशीच ठेवून आला, क्लॉडिनला आवडली म्हणून. क्लॉडिन मला म्हणते, "माणूस लाख मोलाचा आहे गं, ओसी. मीच तिला म्हटलं त्याला बसव. मला काय माहीत होतं, ती माझं ऐकेल म्हणून? लहानपणी तर कधी ऐकलं नाही."

पूल ओलांडून ती दोघं अलीकडे आली. दोन्ही बाजूंनी कापसाची रोपं, ऊन कलतं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. ओथा गाडी चालवत होता. एरवी तो रस्त्याने येणाऱ्या प्रत्येक गाडीला बोट उचलून नमस्कार करतो. त्या दिवशी त्याने एका ट्रॅक्टरला केला, तेवढाच. बराच वेळ गेल्यावर व्हर्डेलला राहवेना.

"ओथा," ती म्हणाली, "टाक ना ती ओळ. मी उचलते."

त्याने गाडीचा वेग कमी केला नाही की वाढवला नाही.

"इथे कोणी नाहीये, व्हर्डेल," तो म्हणाला.

"म्हणूनच तर..." ती म्हणाली, आणि तोंडातून निघालेलं तिचं तिलाच ऐकू आलं.

"हो ना," ओथा म्हणाला. रागाने नाही. पाऊस येईलसं दिसतंय म्हणावं, तसा म्हणाला.

माझ्या दारावरून गाडी आली तेव्हा मी पोर्चवरच होते. ओरडून विचारलं, "काय डीकन, कसं आहे मेम्फिस?"

"फार चांगली माणसं, ओसी ली," तो म्हणाला. "मला टाळ्या वाजवल्या त्यांनी." व्हर्डेल बॅग घेऊन सरळ आत गेली. मला वाटलं, दमली असेल.

पुढचं मात्र मी स्वतः पाहते आहे, दर रविवारी. ओथा उभा राहतो आणि ओळ टाकतो, आणि व्हर्डेल ती उचलते. पण ओळ पुरती संपायच्या आधीच. त्याचे शेवटचे शब्द तोंडात असतानाच तिचा आवाज येऊन त्यांच्यावर आदळतो, आणि मागून शिरणाऱ्या आम्हा सगळ्यांची त्रेधा उडते. अर्धे जण एकीकडे, अर्धे दुसरीकडे. अशी ओळ आमच्या चर्चमध्ये कोणी कधी उचलली नव्हती, आणि तिने तर मुळीच नाही. बायका कुरकुरतात. पास्टरनेही तिला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "सिस्टर व्हर्डेल, डीकनना ओळ पुरी करू द्यावी जरा."

ती "हो" म्हणाली आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच केलं. मी तिला घरी गाठलं. म्हटलं, "अगं बाई, एवढी घाई कसली?"

"माझ्याने थांबवत नाही, ओसी," ती म्हणाली. "तो श्वास घेतो ना शेवटी, उचलण्याची वाट बघतो, तेवढी एक घडी. तेवढ्यात त्याच्या मनात येत असेल, या वेळी उचलेल का. तेवढासुद्धा वेळ मला त्याला द्यायचा नाही."

ओथा मात्र थांबत नाही. तिच्या आवाजाखाली आपली ओळ तो शेवटपर्यंत म्हणतो, ती कोणालाही ऐकू येत नसली तरी, आणि मग खाली बसतो.